उंबऱ्याबाहेरचे सँडल

“हेमांगी, जरा त्या खिडकीपाशी जाऊन बघतेस का, खाली आमचा रिक्षावाला थांबलाय का ते?” आठल्येकाकू म्हणाल्या. आवाजात अगदी साखर होती.

मी जागची हलले नाही. सांगलीतल्या एका हॉटेलच्या फॅमिली रूममध्ये आम्ही चौघंच बसलो होतो. टेबलाच्या अलीकडे मी आणि माझी कुमुदआत्या. पलीकडे आठल्येकाकू आणि त्यांचा मुलगा मुकुंद. त्याच्यासाठी मला दाखवायला आत्यानं कऱ्हाडहून आणलं होतं. खिडकी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती आणि दारात दोन वेटर रिकामे उभे होते. मग रिक्षा बघायला मीच का?

तेव्हा मी एका विमा कंपनीच्या दावे विभागात नोकरीला होते. कुणाचा पाय मोडलेला असे, कुणाचं दुकान जळालेलं असे, आणि त्यातलं खरं किती, मीठमसाला किती, हे चाळून काढायचं काम माझ्याकडे असे. त्या नोकरीनं मला एक खोड लावली होती. कुणी साधी वेळ विचारली तरी हा का विचारतोय, असं पहिल्यांदा मनात येई. काकूंना रिक्षा बघायचीच नव्हती. त्यांना मला चालताना बघायचं होतं.

आणि नेमकं तेच मला नको होतं, कारण साडीखाली माझ्या पायात चार इंच टाचांचे सँडल होते.

मी जेमतेम चार फूट दहा इंच. “मुलगी गुणी आहे हो, पण फारच छोटी वाटते,” असं सांगून त्याआधी दोन स्थळांनी नकार कळवला होता. आई-वडील लहानपणीच गेले, मला वाढवलं ते आत्यानं. त्या नकारांनी माझ्यापेक्षा तीच जास्त दुखावली होती. तिसऱ्या स्थळाला पाठवलेल्या माहितीत तिनं माझी उंची ठोकून दिली, पाच फूट दोन इंच.

“आत्या, हे खोटं आहे,” मी म्हणाले होते.

“चार इंचांचं कसलं आलंय खोटं! चपलेत भरून निघतं. एकदा लग्न लागलं की कोण टेप घेऊन बसतंय?”

मग आम्ही कोल्हापूरला जाऊन ते सँडल आणले. दुकानदार भला माणूस होता. “ताई, सवय नसेल तर जाड टाचेचा घ्या, घोट्याला पट्टा असलेला घ्या, पाय धरून ठेवतो,” असं त्यानं दोनदा सांगून बघितलं. पण जाड टाच साडीखालून दिसली असती आणि पट्टा बांधायला सगळ्यांसमोर खाली वाकावं लागलं असतं, असं आत्याचं म्हणणं. तिनं बोटाएवढ्या जाडीची पेन्सिल हील पसंत केली. पुढचं टोक इतकं निमुळतं की पाचही बोटं एकमेकांच्या मांडीवर बसत. पट्टा नसल्यामुळे पाय उतारावरून घसरल्यासारखा पुढे जाई, सगळा भार चवड्यावर येई, आणि मागची टाच प्रत्येक पावलाला सुटून परत फरशीवर आपटे. गुडघे सरळ होतच नसत. मी घरी व्हरांड्यात चालायचा सराव केला तेव्हा शेजारच्या काकूंनी मला विचारलं होतं, “कंबर धरलीय का गं?”

तरीही मी ते पायात चढवले. का, असं आज कुणी विचारलं तर सरळ सांगते, मला लग्न करायचं होतं. आत्यासाठी नाही, लोकांसाठी नाही, माझ्यासाठी. संध्याकाळी घरी आल्यावर कुणाशी तरी भांडावं, कुणासाठी तरी दोन वाट्या आमटी जास्त करावी, असं मला फार वाटे. आणि चार इंचांसाठी ते आयुष्यभर राहून जाईल याची भीतीही तितकीच वाटे.

पण एक गोष्ट मला सकाळपासून खात होती. रीतीप्रमाणे मुलाकडच्यांनी आमच्या घरी यायला हवं होतं. तर फोन आला की मुकुंदला रजा नाही, तुम्हीच सांगलीला या. बरं, सांगलीला येतो म्हटलं, तर म्हणे घरात रंगकाम काढलंय, आपण हॉटेलात भेटू. आत्याला आनंदच झाला. घरी गेलो असतो तर चपला दारात काढाव्या लागल्या असत्या आणि माझे चार इंच उंबऱ्याबाहेरच राहिले असते. मला मात्र तो आनंद पचेना. दावे विभागात आम्ही एक पाहिलं होतं, खरं घडलेलं असेल तर माणूस एकच कारण देतो. ही मंडळी दोन कारणं देत होती.

त्यात तो मुलगा. आम्ही खोलीत शिरलो तेव्हा हा आधीच टेबलाशी बसलेला. आत्या वयानं एवढी मोठी, पण हा पठ्ठ्या उठला नाही. बसल्या बसल्या हात जोडले. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होता, धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढायचा. चेहरा शांत, बोलणं मोजकं. पण माझ्या तोंडाकडे बघण्याआधी त्याची नजर माझ्या पायांकडे गेली आणि तिथे जरा जास्तच वेळ राहिली. मी ते टिपून ठेवलं.

“जा की गं, बघून ये,” आता आत्याच म्हणाली. नाही म्हटलं तर जास्तच संशय येईल, हे तिनं ओळखलं होतं.

मी उठले. फरशी गुळगुळीत, नुकतीच पुसलेली. सुरुवातीची पावलं बरी पडली. मग उजवी टाच जराशी सरकली आणि घोटा बाहेरच्या बाजूला वळला. मी खुर्चीची पाठ धरली म्हणून पडले नाही. खाली रिक्षावाला बिडी ओढत बसला होता.

“आहे हो रिक्षा,” मी म्हणाले आणि परत फिरले. परतीच्या वाटेवर मी लंगडले. घोटा खरोखरच दुखत होता.

काकूंनी चमचा बशीत ठेवला. “लहानपणी काही झालं होतं का पायाला?”

“छे छे!” आत्या घाईनं म्हणाली. “फरशी ओली आहे.”

“नाही, असतं एखाद्याला. आधी सांगितलं म्हणजे बरं असतं. आमचं म्हणणं एवढंच, की फसवाफसवी नको.”

फसवाफसवी हा शब्द ऐकून मी मान खाली घातली. काकू माझ्या साडीच्या काठाकडे बघत होत्या, जणू तिथून काहीतरी बाहेर येईल. मुकुंद पाण्याचा ग्लास गोल फिरवत होता. त्या दोघी पुन्हा कुठल्याशा समान ओळखीचं नाव काढून बोलायला लागल्या तेव्हा तो हळू आवाजात मला म्हणाला,

“हे सँडल तुम्ही चालायला घेतलेत की उभं राहायला?”

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. “म्हणजे?”

“टाच बारीक आहे, त्यातून ती फार मागे बसवलीय. तुमचा भार पडतो त्याच्या पुढे आणि आधार आहे त्याच्या मागे. घोटा बिचारा मध्ये लटकतोय. पाय तुमचा चांगला आहे. दोष त्या सँडलचा आहे.”

“तुम्हाला बायकांच्या सँडलचं बरंच कळतं!”

“सँडलचं नाही,” तो म्हणाला. “टाचेचं कळतं.”

आता हा काय प्रकार? एखाद्या मुलीला बघायला येऊन तिच्या टाचेचा अभ्यास करणारा पुरुष मी पहिल्यांदाच पाहत होते. याला सगळं समजलंय, एवढं नक्की. मग आईला सांगत का नाही? कशाची वाट बघतोय? हॉटेलचं बिल त्यांनी दिलं, नमस्कार-चमत्कार झाले, आणि ‘कळवतो’ म्हणून काकू पर्स उचलत होत्या तेवढ्यात त्यानं ते वाक्य टाकलं.

“आई, एवढ्या लांबून आल्यात त्या. घरी चहाला नेऊ या.”

काकूंची पर्स हातातच राहिली. “अरे, घरी… रंगकाम नाही का चाललंय?”

“संपलं की काल.”

“वास असेल.”

“खिडक्या उघड्या टाकून आलोय मी.”

खोलीत दोन बायकांचे चेहरे एकाच वेळी उतरले. आत्याचा का उतरला ते मला माहीत होतं. काकूंचा का, हे काही केल्या कळेना. आणि हा शांतपणे आमच्याकडे बघत होता. मला त्याचा असा राग आला म्हणता! मुलीला घरी न्यायचं, उंबऱ्याशी उभं करायचं, चपला काढायला लावायच्या आणि मग सगळ्यांदेखत चार इंच खाली उतरताना बघत बसायचं. माझ्या लेखी तो सापळा होता. आत्या “बस चुकेल” म्हणाली, “मला जरा चक्कर येतीय” म्हणाली, पण त्यानं प्रत्येक अडचणीला उत्तर दिलं. शेवटी नाही म्हणायला काही उरलंच नाही.

“तुम्ही तिघी रिक्षानं पुढे व्हा. मी स्कूटरवरून आलोच,” तो म्हणाला. आम्ही जिना उतरलो तरी तो खुर्चीतून उठला नव्हता.

रिक्षात आत्या मधे, काकू त्या कडेला, मी या कडेला. आत्यानं पदराखाली माझा हात घट्ट धरला होता.

घर विश्रामबागेत होतं, पहिल्या मजल्यावर. एकेक पायरी मी कठड्याला धरून चढले. पायरीवर फक्त चवडा टेकत होता, टाच हवेत. वर पोचेपर्यंत पोटऱ्यांना गोळे आले. काकूंनी कुलूप काढलं. दार उघडलं तेव्हा आधी मी वास घेतला. रंगाचा जरासाही वास नव्हता. भिंतींवर खिळ्यांभोवतीची वर्षानुवर्षांची काळपट वर्तुळं तशीच होती. तेही मी टिपून ठेवलं.

काकूंनी आपल्या साध्या सपाट चपला दाराबाहेरच्या मांडणीत ठेवल्या. आत्यानंही काढल्या. मग दोघी वळून माझ्याकडे बघायला लागल्या.

“तिला राहू द्या हो,” आत्या म्हणाली. “गार फरशीनं तिला लगेच सर्दी होते.”

काकूंच्या डोळ्यांत चमक आली. एवढा वेळ हवा होता तो धागा त्यांना सापडला होता. सँडलच्या आत काय लपवलंय ते आता बघायचंच, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

“सतरंजी टाकते. पण आमच्याकडे पायताण आत चालत नाही. कुणाचंच नाही. पहिल्यापासूनचा नियम आहे.”

“ऐकलंस ना आई, तूच म्हणालीस,” मागून आवाज आला. मुकुंद जिना चढून आला होता. एक हात कठड्यावर, थोडा धापा टाकत. “कुणाचंच नाही.”

काकूंचा हात आपोआप दाराच्या कडीकडे गेला. “तू काय बाहेरचा आहेस? तू ये तसाच.”

“घरचाच आहे. म्हणून तर नियम मला आधी.” मग तो माझ्याकडे वळला. “तुम्हाला अवघड वाटतंय, मला दिसतंय ते. मी आधी काढतो. मग तुम्हाला सोपं जाईल.”

मला वाटलं, ही माझी थट्टा आहे. सणसणीत काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

तो मांडणीशेजारच्या स्टुलावर बसला. उजव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढून ठेवला. साधा काळा बूट. मग डावा काढला. तो जमिनीवर ठेवताना धप्प असा आवाज झाला. वरून दोन्ही जुळे दिसत होते, पण डाव्याचा तळ चांगला विटेएवढा जाड होता आणि लोकांच्या लक्षात येऊ नये म्हणून कडेनं काळा रंग फासलेला होता. त्या घरात रंगकाम झालं होतं ते एवढंच.

तो उठला. डावा पाय उजव्यापेक्षा आखूड होता. “दोन वर्षांचा असताना पोलिओ,” तो म्हणाला. “आई म्हणते आधी सांगितलं की मुली यायच्याच बंद होतात. त्यात तिचं खोटं नाही, आधी तसं झालंय. पण हॉटेलात खुर्चीला चिकटून बसायचा मला कंटाळा आलाय.” आणि तो उंबरा ओलांडून आत गेला, एका बाजूला झुकत, भिंतीला हात न लावता.

मग माझ्या डोक्यात एकेक खिळा आपापल्या भोकात बसत गेला. रजा नाही, रंगकाम आहे, उठून उभं न राहणं, माझ्या सँडलकडची ती नजर. जन्मभर ज्यानं एका पायाखाली उंची वाढवून तोल सांभाळला, त्याला टाचेचं कळणार नाही तर कुणाला कळणार? त्यानं मला पकडायला घरी आणलं नव्हतं. तो स्वतःला पकडून द्यायला आला होता.

मी सँडल काढले. बोटं एकमेकांपासून सुटली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मी चार इंच खाली आले आणि त्या उंचीच्या मापानं नेसलेली साडी पायाभोवती फरशीवर पसरली. काकूंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, साडीच्या ढिगाकडे पाहिलं, आणि मग त्यांना उमगलं.

“पाच फूट दोन म्हणे!” त्या म्हणाल्या.

“आणि तुमचं काय?” आत्या उसळली. “एवढी मोठी गोष्ट लपवून आमच्या पोरीला विचारताय, पायाला काय झालंय म्हणून? फसवाफसवी नको म्हणे!”

“आमच्या मुलात खोट काढायचं काम नाही. सरकारी नोकरी आहे. स्वतःचं सगळं स्वतः करतो.”

“मग लपवलंत कशाला?”

“तुम्ही का लपवलंत?”

आत्या पदरानं वारा घेऊ लागली. काकू सतरंजी उलगडायच्या निमित्तानं पाठ करून उभ्या राहिल्या, पण त्यांचे खांदे हलत होते. तीस वर्षं त्या बाईनं लोकांच्या नजरा मुलाच्या पायांवरून दुसरीकडे वळवल्या होत्या. माझ्या पायांकडे त्या इतक्या कसोशीनं का बघत होत्या, ते मला तेव्हा समजलं. आपण जे लपवतो तेच समोरच्याकडे असेल असं त्यांना वाटत होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

मी निऱ्या दोन्ही हातांनी उचलून धरल्या आणि दारापासून समोरच्या खिडकीपर्यंत चालत गेले. कुणी सांगितलं नव्हतं. अनवाणी, पूर्ण तळवा टेकत, गुडघे सरळ ठेवून. घोट्यात जराशी कळ होती, तरी पाऊल कुठे अडखळलं नाही. खिडकीशी पोचून मी वळले.

“बघितलंत ना काकू? पाय चांगले आहेत. उंची नाही, एवढंच.” मग मी मुकुंदकडे पाहिलं. “आता तुम्ही.”

“हेमे!” आत्या ओरडली. “असं विचारतात का?”

“मला विचारलं की हॉटेलात. त्यांना का नाही विचारायचं?”

काकू गर्रकन वळल्या. मुकुंदनं त्यांना हातानं थांबवलं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं होतं, आणि ते लपवायचा त्यानं काही प्रयत्न केला नाही. तो दाराशी गेला आणि तिथून निघाला, माझ्याच वाटेनं. डावा पाय टेकताना खांदा खाली जाई, उजव्याला परत वर येई. त्यानं घाई केली नाही आणि सावकाशही चालला नाही. खिडकीशी येऊन तो माझ्याशेजारी उभा राहिला.

“झालं का समाधान?” त्यानं विचारलं.

“झालं,” मी म्हणाले. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

चहा झालाच नाही. आत्या उठली ती उठलीच. “बस निघून जाईल,” म्हणत तिनं मला दाराबाहेर ओढलं. पण माझे पाय एव्हाना सुजले होते. सँडलमध्ये बोटं शिरेचनात. मी दोनदा प्रयत्न केला, आत्या तोंडानं चुकचुक करत राहिली. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. माझ्याकडे न बघता त्या मांडणीशी वाकल्या, स्वतःच्या सपाट चपला काढल्या आणि माझ्या पायांसमोर, पुढचं तोंड बाहेरच्या बाजूला करून, नीट जोडीनं ठेवल्या.

“घाल. मोठ्या होतील थोड्या,” त्या म्हणाल्या. “जिन्यावर जपून उतर.”

चपला खरंच मोठ्या होत्या. तरी त्या दिवसात पहिल्यांदाच मी कठड्याला न धरता जिना उतरले. रिक्षा कोपऱ्यावर वळल्यावर आत्याला आठवण झाली.

“अगं, ते सँडल?”

“राहिले वाटतं.”

“राहिले कसे? मांडणीसमोर तर उभी होतीस! थांबव रिक्षा.”

“राहू देत आत्या. मला ते परत नकोत.”

आत्या माझ्याकडे टक लावून बघत राहिली. शेवटी तिलाही संशय आला. “आणि त्या बाईंच्या चपला? त्या नाही का परत करायच्या?”

“करायच्या आहेत ना,” मी म्हणाले आणि रस्त्याकडे बघायला लागले.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. पुढच्याच रविवारी मी काकूंच्या चपला कागदात गुंडाळून एकटीच सांगलीला गेले होते. आत्याला ऑफिसचं काम सांगितलं होतं, एकच कारण. जिना चढून मी बेल वाजवली. दाराबाहेर मांडणीत माझे सँडल कुणीतरी पुसून ठेवले होते आणि शेजारी तो जाड तळाचा बूट होता. दार उघडायला वेळ लागत होता. एरवी बेल वाजवल्यावर दार उघडायला उशीर झाला की माझ्या मनात हजार शंका येत. त्या दिवशी मी नुसती ऐकत उभी राहिले. आतून पावलं येत होती, एक जड, एक हलकं.